हिमायतनगरची सिंहासनाची खोली

मागच्या रविवारी फोनवर माझ्या पाठीमागची भिंत बघून धाकटीने विचारलं होतं, "आजी, तुझ्या सगळ्या चित्रांत घरं आहेत, मग माणसं कुठं गेली?" तेवढ्यात आजोबांनी मध्येच सांगून टाकलं की तुझ्या आजीने त्यांना बाहेर काढलं आणि ती स्वतः तिथं राहायला गेली. तुम्ही दोघं हसत सुटलात आणि प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

आधी ही चित्रं म्हणजे काय ते सांगते. लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वी एका राजपुत्राचा मोठा महाल होता. कुणीतरी त्या महालातल्या एकेका खोलीचं चित्र काढून घेतलं: जिना, भोजनगृह, ग्रंथालय, दिवाणखाने. त्यांचं एक जाडजूड पुस्तक निघालं. पुढे अशी पुस्तकं जगभर फाटली, पानं सुटी झाली, चौकटींत बसली आणि भिंतींवर लागली. त्यांतली काही हैदराबादला आली. निजामाच्या राज्यात विलायती सामानाचा शौक असलेली घरं पुष्कळ होती.

मी हैदराबादला एम.ए. करत होते. इंग्रजी हा माझा विषय. एका गुरुवारी मैत्रिणीबरोबर जुम्मेरात बाजारात गेले होते. तिथं जमिनीवर पोत्यावर कुलपं, हंड्या, मोडक्या घड्याळांत एक चौकट उताणी पडली होती. तिच्यात एक जिना होता. वरच्या काचेतून ऊन उतरत होतं आणि पायऱ्या वळत वळत त्या उन्हात शिरत होत्या. मी तो कसा विकत घेतला, वसतिगृहात कुठं लपवला, ते पुन्हा केव्हातरी सांगेन. खरी गंमत नंतर झाली. मैत्रीण वनस्पतिशास्त्राची होती. तिच्याकडचं भिंग घेऊन मी त्या उन्हावर धरलं, आणि ऊन नाहीसं झालं. तिथं होते फक्त ठिपके. वाळूच्या कणांसारखे, एकाला एक चिकटलेले आणि तरी वेगळे. भिंग बाजूला केलं की ऊन परत आलं.

ही करामत अशी करतात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड उडवतात, आपण चाळणीतून रांगोळी सोडतो तशी. पत्रा खालून तापवला की एकेक कण जागच्या जागी चिकटतो. मग पत्रा तेजाबात बुडवतात. कणांच्या मधल्या फटींतून तेजाब तांबं खातं. जिथं जास्त वेळ खातं तिथं सावली गडद येते, थोडा वेळ खातं तिथं फिकी. शाई भरून कागदावर छाप उमटला की तो नुसता करडा असतो. रंग नंतर हातांनी भरतात, एकेका कागदावर, पाण्याच्या रंगांनी. ते काम बहुतेक बायका आणि मुलं करायची. एकीने पडद्यांचा लाल भरायचा, दुसरीने छताचं सोनं. त्यांची नावं कुठंच नाहीत. माझ्याकडे ग्रंथालयाच्या एकाच खोलीच्या दोन प्रती आहेत. एकीतला गालिचा गडद निळा आहे, दुसरीतला विटका. दोन वेगळे हात, किंवा एकच हात सकाळी आणि संध्याकाळी. ते बघताना मला अजूनही अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट. तो महाल पुढे पाडून टाकला. त्या खोल्या आता जगात कुठंही नाहीत, फक्त कागदावर आहेत.

लातूरला लग्न होऊन आले, कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा अशा चित्रांसाठी मी हैदराबाद, संभाजीनगर, पुणे असं सुट्ट्यांत फिरत राहिले. लातूरचे लोक डाळीचा भाव विचारतात तसे माझे सहकारी मला विचारायचे, "मिळाली का नवी खोली?" भिंतीवर मी त्या मनाला येईल तशा लावल्या नाहीत. महालात माणूस दारातून शिरला तर ज्या क्रमाने खोल्या लागतील त्याच क्रमाने लावल्या. आधी ओसरी, मग जिना, मग बाहेरची बैठक. आजोबा म्हणतात, बायकोने घर आवरावं तर ही परक्याचा महाल आवरते.

फक्त सिंहासनाची खोली माझ्याकडे नव्हती. महालातली सगळ्यात देखणी खोली तीच. ती मी पुस्तकातल्या फोटोत पाहिली होती आणि एकदा मुंबईच्या एका दुकानात, काचेआडून. पेन्शनीतल्या माणसाने विचारू नये असा तिचा भाव होता.

ती मला सापडली हिमायतनगरला.

आजोबा तिथं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात काही वर्षं होते, तुमच्या आईच्या जन्माआधी. तिथल्या एका शेतकरी कुटुंबाशी त्यांचं घरोब्याचं नातं जडलं. मध्यरात्री अडलेली म्हैस सोडवली की माणसं जन्मभर विसरत नाहीत. त्या घरच्या नातवाच्या बारशाला आम्हाला बोलावणं आलं, परवाच्या पावसाळ्यानंतर. जेवणं झाली. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना मी मावशी म्हणते. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, काटक, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, चला, गादीला नमस्कार करा.

आपल्या भागात पुष्कळ मठांत मूर्ती नसते. गुरूंची गादी असते. एक बैठक, तिच्यावर लोड, डोक्यावर छत्र, पायाशी चौरंग. गुरू गेले तरी गादी राहते. लोक रिकाम्या गादीला कुंकू लावतात, तिच्यापुढे डोकं टेकतात. मावशींचं घराणं अशाच एका मठाचं. म्हणून देवघरात गादी असेल याचं मला नवल वाटलं नाही. आतल्या खोलीच्या भिंतीत कोनाडा होता, एक निरांजन तेवत होतं. मी वाकले, हात जोडले, मान वर केली, आणि माझे हात तसेच जोडलेले राहिले.

कोनाड्यात ती खोली होती. धुराने काळवंडलेली, काच नसलेली, पण तीच. लाल मखमलीचं छत्र, खाली रिकामं सिंहासन, पायाशी छोटा चौरंग, दोन्ही बाजूंना पडदे, डावीकडे पांढरं-सोनेरी दार. निरांजनाच्या उजेडात सिंहासनाच्या कडा हलत होत्या. गादी, छत्र, चौरंग. सगळं जिथल्या तिथं होतं. मठात नेऊन ठेवलं असतं तरी कुणी वावगं म्हटलं नसतं.

मावशींनी सांगितलं ते असं. त्यांचे सासरे एका जहागीरदाराच्या कचेरीत होते. पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, ते लोक बंगला सोडून गेले, सामान विकलं गेलं. सासऱ्यांनी बाकी कशाला हात लावला नाही. ही तसबीर तेवढी गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून आणली. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, ही आपल्या मठाची गादी आहे, परक्या गावी जाऊन बसली होती. तेव्हापासून ती कोनाड्यात. काच मावशींच्या लग्नानंतर एका दिवाळीला साफसफाईत फुटली. तेव्हापासून कुंकू थेट कागदावर. पूजा फक्त मावशींची. सुनेने फुलं आणून द्यायची आणि बाहेर थांबायचं.

माझ्या डोळ्यांपुढे एकदम दोन गोष्टी होत्या: मी आयुष्यभर शोधलेली खोली, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून वर चढलेली मातीची बारीक रेघ. वाळवी.

ती दाखवली तर मावशी म्हणाल्या, "असू दे. काढायची न्हाई. माझ्या सासऱ्यानं लावल्याली हाय ती."

"मावशी, वाळवी गादीपर्यंत पोचली तर काढायला काही उरणार नाही."

त्यांच्या मुलाने कोनाड्यात मोबाइलचा उजेड पाडून मागची फळी चाचपली. ती भुसभुशीत झाली होती. मी म्हणाले, मला असली चित्रं उघडून नीट करता येतात, महिनाभरात आणून देते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेने पाहिलं, ते मला नंतर कळलं.

"तुमी रोज दिवा लावाल का? खरं सांगा बाई. शिकल्याली माणसं हाव म्हणतात आन् इसरून जातात."

"लावीन."

"आन् डिकीत न्हाई ठेवायची. मांडीवर न्यायची."

नांदेडपर्यंत आणि पुढे लातूरपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. आजोबा म्हणाले, गादीलाही पट्टा लाव, पुढे पोलीस उभे असतात. मग बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "ती कुणाची खुर्ची आहे ते सांगणार आहेस का मावशींना?"

"कुणाची आहे?" मी म्हणाले.

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मी विचारात पडले होते. तो राजपुत्र गेला, त्याचं सिंहासन गेलं, महालाच्या विटासुद्धा गेल्या. त्या खोलीत रोज सकाळी कुणी आत जात असेल, तर ती हिमायतनगरची एक बाई.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून मी चौकट उघडली. मागची फळी हातात भुगा होऊन आली. वाळवीने कागदाची खालची कड खाल्ली होती, पण चित्र वाचलं होतं. मऊ कुंचल्याने धूर आणि धूळ हलकेच झटकत गेले. पाणी लावायचं नाही, पाणी लावलं की हाताने भरलेला रंग सुटतो. दोन दिवस तेच काम. संध्याकाळी बाजूला ठेवून दिवा लावायची, फूल ठेवायची. आजोबा बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, हे त्यांच्याबाबतीत विशेषच.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतलं ऊन सरळ कागदावर आलं तेव्हा मी भिंग घेतलं. ठिपके तेच, जुम्मेरात बाजारातल्या जिन्यासारखे. त्यांच्यावर पडद्यांचा लाल. आणि सिंहासनावर, बैठकीच्या बरोबर मध्ये, हळदीचा आणि कुंकवाचा थर. थरावर थर. काळपट, जुना, कागदाच्या आत मुरलेला. बोटाच्या टोकाएवढा. इतकी वर्षं रोज बोट त्याच जागी टेकलं होतं.

पण थर तिथं थांबत नव्हता. बैठकीच्या डाव्या हाताला दुसरा डाग होता, जरा कमी जुना. मग सिंहासनाच्या हातावर. मग पडद्यावर. मग पडदा संपून भिंतीच्या सोन्यावर, एकाशेजारी एक, अधिकाधिक उजळ, अधिकाधिक ताजे. शेवटचा, लालभडक, त्या पांढऱ्या दारावर होता. देवघराच्या अंधारात आणि काजळीखाली त्याचा पत्ता लागला नव्हता. आता उन्हात ती वाट लख्ख दिसत होती.

मी भिंग खाली ठेवलं. मला आधी काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. आजोबांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागदाजवळ वाकले आणि पुष्कळ वेळ पाहिलं.

"किती वर्षं झाली असतील?" ते म्हणाले. "मावशींना दिसत नाही."

चित्रावर हात कुणी, केव्हा ठेवला हे शोधण्यात माझी उमर गेली. त्या लंडनच्या मुलींची नावं मला कधी कळली नाहीत. इथं मात्र एका बाईची नजर कशी कशी मंदावत गेली ते एका कागदाने ठिपक्याठिपक्याने धरून ठेवलं होतं, आणि त्या कागदाशिवाय कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा, खरं सांगते, मी थक्क झाले होते.

मी मावशींच्या सुनेला फोन केला. ती हळू आवाजात म्हणाली, मला संशय होता. आत्याबाई भिंतीला हात लावत चालतात, पण विचारलं की चिडतात, समदं दिसतंय म्हणतात. दवाखान्याचं नाव काढलं की दोन दिवस बोलत नाहीत. पूजा माझ्याकडे येईल याची भीती आहे त्यांना. मी म्हणाले, त्यांना फोन दे.

मावशींनी आधी विचारलं, दिवा लावला का. मी हो म्हणाले. मग मी सांगितलं.

"मावशी, तुमचं कुंकू गादीवर लागत नाही. दारावर लागतंय."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज, कुठंतरी भांडं. मला वाटलं फोन तसाच ठेवून त्या उठून गेल्या. मग त्यांनी विचारलं, "कवापासून?"

मी म्हणाले, "पुष्कळ दिवसांपासून."

दुसऱ्याच दिवशी मुलगा त्यांना घेऊन नांदेडला गेला. उजवा डोळा काचबिंदूने गेलेला होता, तो परत यायचा नव्हता. डाव्यात मोतीबिंदू होता, इतका पिकलेला की डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण मागचा पडदा कसा आहे ते आत्ता दिसत नाही. हमी देता येणार नाही. मुलाने मला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, आई एकच विचारून राहिलीय, गादी केव्हा येणार.

मी ती नवीन पुठ्ठ्यावर बसवली. चौकट तीच ठेवली, सांधे भरून. कुंकवाला हात लावला नाही. ते काढायचं तर पडद्याचा लालही निघाला असता, ते एक कारण. आणि मला काढायचं नव्हतं, ते दुसरं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नांदेडला गेलो. मावशी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे होत्या. काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. पट्टी सुटल्यावर त्यांना उजेड दिसला होता, माणसं दिसली होती. पण नीट दिसतंय का विचारलं की त्या विषय बदलत होत्या. सुनेने मला दारातच सांगितलं की त्या कशाकडेच टक लावून बघत नाहीत, जणू भीत आहेत.

खोलीत खिडकीपाशी खुर्ची होती. तिच्यावर मी चौकट उभी केली आणि बाजूला झाले. मावशी उठल्या. सून हात द्यायला पुढे झाली, तो त्यांनी झिडकारला. चष्मा काढला. चौकटीपुढे जाऊन हळूच खाली बसल्या, मांडी घालून.

खूप वेळ त्या मान किंचित वळवून एका डोळ्याने वरपासून खालपर्यंत पाहत होत्या. मग बोट उचललं, पण कागदाला लावलं नाही. वर छताकडे नेलं.

"हितं इतकं सोनं हाय?"

"आहे, मावशी."

"माझ्या लग्नात बघितलं होतं. मग इसरलेच." बोट खाली आलं. "हे जमखान. ह्यावर फुलं हायत. ही फुलं मी कधी बघितलीच न्हाईत." मग ते सिंहासनावर आलं, तिथून त्या डागांवरून हळूहळू डावीकडे सरकत गेलं, हवेतूनच. पडदा, भिंत, दार. मला वाटलं आता त्या रडतील. आजोबांनी माझा हात धरला होता.

मावशी हसल्या. अगदी बारीक, दात नसलेलं हसू.

"बघा की, गादीपासून उठले आन् दारापाशी जाऊन उभी राहिले. निघायचीच वेळ झाली म्हणायची."

"आत्याबाई," सून रागावून म्हणाली, आणि रडायला लागली ती सूनच.

"गप गं. आता परत यायचं हाय मला आत." मग त्या माझ्याकडे वळल्या. यावेळी खरंच माझ्याकडे. "बाई, कुंकू पुसलं का न्हाई तुमी?"

मी म्हणाले, पुसलं असतं तर रंगही गेला असता. त्यांनी मान डोलावली, जणू हेच ऐकायचं होतं. मग म्हणाल्या, "हिला काच लावा आता."

मुलगा म्हणाला, आई, मग कुंकू कसं लावशील? काचेवर?

"आता दिसतंय मला," मावशी म्हणाल्या. "दिसून राहिलं तर हात कशाला लावायचा?"

मी इतकी वर्षं चित्रं बघते आहे, त्यांवर पुस्तकं वाचली आहेत, शिकवलं आहे. बघणं म्हणजे काय याबद्दल इतकं थोड्या शब्दांत मी कधी काही ऐकलं नव्हतं.

काच लावायला आम्ही चौकट घेऊन बाजारात गेलो. तिथल्या दुकानदाराने विचारलं, कुठल्या देवाची आहे? मुलगा म्हणाला, आमच्या गादीची. दुकानदाराने चौकट कपाळाला लावली आणि मग काच कापली. असल्या चित्राला कुणी नमस्कार करून कामाला सुरुवात केल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

परत आलो तेव्हा मावशी तशाच खिडकीपाशी बसलेल्या होत्या. मुलाने चौकट त्यांच्या मांडीवर ठेवली. आजोबा गाडी वळवायला खाली गेले होते, सून चहा टाकत होती. मावशी काचेजवळ इतक्या वाकल्या की त्यांच्या श्वासाने काच धुकटली आणि खोली दिसेनाशी झाली. त्यांनी पदराच्या टोकाने काच पुसली, जरा मागे सरल्या, आणि पुन्हा बघायला लागल्या.